विश्लेषण : ‘डीआरडीओ’ नेमके काय करते?

क्षेपणास्त्राची चाचणी यशस्वी झाली, की ‘डीआरडीओ’चे नाव झळकते. पण ही संस्था म्हणजे शस्त्रांचा कारखाना नव्हे. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली. संशोधन, आराखडा, नमुना आणि चाचण्या हे तिचे काम. सैन्यदलांनी स्वीकारल्यावर उत्पादन सरकारी वा खासगी कंपन्या करतात.

यश कुठे?

‘पिनाका’ रॉकेट प्रणाली पुण्यातील पाषाणच्या प्रयोगशाळेत आकाराला आली. १९९९ च्या कारगिल युद्धात तिचा वापर झाला. आज तिच्या उत्पादनात खासगी कंपन्याही आहेत.

अडले कुठे?

‘तेजस’साठी आखलेले ‘कावेरी’ इंजिन अपेक्षित जोर देऊ शकले नाही. प्रचंड तापमान सोसणारी पाती बनवणे मोजक्याच देशांना साधले आहे. परिणामी ‘तेजस’ अमेरिकी इंजिनावर उडते आणि त्या इंजिनांचा पुरवठा लांबला, की हवाई दलाला विमानांची वाट पाहावी लागते.

पुढे काय?

२०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीतील २५ टक्के वाटा उद्योग, नवउद्यमी आणि शिक्षणसंस्थांसाठी खुला करण्यात आला. दिशा योग्य आहे. पण केवळ पैशाने भागणार नाही. सैन्यदलांनी आपल्या गरजा सुरुवातीलाच पक्क्या ठरवायला हव्यात आणि संघटनेनेही पाळता येतील अशाच मुदती द्यायला हव्यात. चाचणीच्या दिवशी टाळ्या जरूर वाजाव्यात. मात्र खरे यश ते शस्त्र जवानाच्या हाती वेळेत पोहोचण्यातच आहे.