घर काढा, पण विचार करून

चित्रकलेच्या तासाला घर काढायला सांगितले, की तुम्ही भिंती, दार, खिडकी आणि छप्पर काढता. पण वारा कोणत्या बाजूने येतो? पावसाचे पाणी कोठे जाते? हे प्रश्न तुम्हांला कोणी विचारत नाही. माझ्या मते, ते शाळेतच विचारले पाहिजेत.

वास्तुशिल्पकार लॉरी बेकर यांचा जन्म १९१७ साली इंग्लंडमध्ये झाला; पण केरळमध्ये त्यांनी गरिबांना परवडतील अशी घरे बांधली. ते विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचत. त्यामुळे भिंतीत पोकळी राहते, सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि घरात उष्णताही कमी येते. विटा भाजायला इंधन लागते. विटा वाचल्या, की तेवढा धूरही कमी होतो.

कोणी म्हणेल, "हे इंजिनिअरचे काम. मुलांना यातले काय कळणार?" पण पत्र्याच्या खोलीतला उकाडा तुम्हीही सोसता. आपले सांडपाणी शेजाऱ्याच्या दारात जाऊ नये, हेही तुम्हांला कळते. म्हणून पुढच्या वेळी घराच्या शेजारी दुसरे घरही काढा आणि दोघांचे पाणी कोठे जाते, ते दाखवा.