जीबी मोजणाऱ्यांच्या हाती जुना संगणक देऊ नका

‘कुठलंही कार्ड चालतं हो!’ हे वाक्य कानावर आलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. जुन्या पेन्टियमची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली की कॅमेऱ्यातलं नाहीतर मोबाइलमधलं हाती लागेल ते कार्ड आत कोंबायचं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. हा दुसऱ्याच्या माहितीवर खेळलेला जुगार आहे.

माझ्या ओळखीच्या एका छापखान्यात विंडोज ९८ वर चालणारा संगणक होता. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तकं त्यात होती. असल्या फाइली आजच्या संगणकावर उघडल्या तर अक्षरांच्या जागी निव्वळ कचरा दिसतो. डिस्क आवाज करू लागली, मेकॅनिकने ६४ जीबीचं कार्ड बसवलं आणि डिस्क ओळखण्याच्या पायरीवरच संगणक हँग झाला. निदान काय, तर मदरबोर्ड गेला! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. १९९९ च्या आधीचे कित्येक अवॉर्ड बायोस ३२ जीबीपलीकडची डिस्क दिसली की तिथेच अडकतात. एखादं ४ जीबीचं कार्ड लावून बघायचे कष्टही त्या माणसाने घेतले नाहीत. बोर्ड भंगारात गेला, सोबत मूळ डिस्कही. पुस्तकं गेली.

४८६ प्रोसेसरच्या संगणकांची गत याहून अवघड. त्या काळच्या बऱ्याच बायोसचा हिशेब १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर एवढाच, म्हणजे ५०४ एमबी. डॉस ६.२२ चं पार्टिशन २ जीबीपुढे जात नाही, आणि तेवढं मोठं केलंत तर चार ओळींची चिठ्ठीसुद्धा ३२ केबी अडवून बसते. मग ६४ जीबी कोणासाठी विकत घेता?

घ्यायचं ते कॉम्पॅक्टफ्लॅश, तेही छोटं आणि औद्योगिक वापराचं. हे कार्ड १९९४ पासून जुन्या हार्ड डिस्कची आयडीई भाषा स्वतःच बोलतं, त्याचा अ‍ॅडॅप्टर म्हणजे फक्त पिना जोडणारी पट्टी. एसडी कार्डाला मध्ये दुभाषी चिप लागते, आणि स्वस्तातल्या पट्टीवरच्या चिपवर मी तरी विसंबणार नाही. दुकानातली साधी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डं बहुधा आपण काढघाल करायची डिस्क असल्याचं सांगतात, म्हणून विंडोज एक्सपी त्यांच्यावरचं पहिलंच पार्टिशन दाखवतं. औद्योगिक कार्ड कायमची डिस्क म्हणून ओळख देऊ शकतं. ते ‘फिक्स्ड’ आहे ना, हे विचारूनच पैसे मोजा. त्यातही एसएलसी चिपचं मिळालं तर सोडू नका. एसएलसीची पेशी साधारण लाखभर वेळा पुसून लिहिता येते, टीएलसीची जेमतेम काही हजार. आणि विंडोज ९८ ची स्वॅप फाइल सतत लिहीत असते. रिकाम्या जागेची खबर कार्डाला देणारी ट्रिमची सोय विंडोजमध्ये आली ती २००९ साली, विंडोज ७ बरोबर; ९८ ला ती नाहीच.

बनावट कार्डांबद्दल तर बोलायलाच नको. आतली चिप ८ जीबीची, छाप ६४ ची, आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं. आठ भरेपर्यंत सगळं सुरळीत, पुढचं लिहिलेलं नाहीसं होतं. कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघणारी एफ-थ्रीसारखी साधनं फुकट आहेत. ती न चालवता गिऱ्हाइकाच्या गळ्यात कार्ड मारणारा फसवणूक करतो, मग तो स्वतःला कितीही जाणकार म्हणवो.

आणि हे सगळं नंतर. कुरकुरणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका; आधी तिची सेक्टरन् सेक्टर प्रत काढा. ज्याला ते जमत नाही त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवावा आणि डिस्क मालकाला परत द्यावी.