जुन्या टेस्ला रोडस्टरला नवी बॅटरी: २९ हजार डॉलर मोजायचे की नाही?

जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला टेस्लाचं शोरूम उघडलं आणि सगळीकडे मॉडेल वायच्या रील्स सुरू झाल्या. टेस्लाची पहिली गाडी मात्र वेगळीच होती. तिचं नाव रोडस्टर. दोन सीट, उघडं टप, लोटस एलिसच्या पायावर उभी केलेली स्पोर्ट्स कार. २००८ ते २०१२ या काळात अशा साधारण २,४५० गाड्या बनल्या. अमेरिकेत किंमत लाखभर डॉलरच्या वर.

आज या गाड्या बऱ्याच जुन्या झाल्या आहेत. मोटर ठणठणीत, बॉडी कार्बन फायबरची, त्यामुळे गंजायचा प्रश्न नाही. थकली आहे ती बॅटरी. तीन वर्षं वापरलेल्या फोनची जी गत होते तीच, फक्त इथे बिलाच्या आकड्यात तीन शून्यं जास्त. बाकीच्या इलेक्ट्रिक गाड्या पुढे याच वळणावर येणार आहेत, म्हणून रोडस्टरवाल्यांचा पेच नीट बघण्यासारखा आहे.

आधी आत काय आहे ते पाहू. रोडस्टरची बॅटरी ५३ किलोवॅट-तासांची, वजन सुमारे ४५० किलो. उघडली तर आत ६,८३१ छोटे सेल. हे ‘१८६५०’ प्रकारचे सेल, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. त्या काळच्या लॅपटॉपमध्ये असायचे तसेच. तुमच्या ५,००० एमएएचच्या फोनशी तुलना केली तर पावणेतीन हजार फोनची वीज एका गाडीत.

रचना अशी: ६९ सेल समांतर जोडले की एक ‘ब्रिक’, म्हणजे वीट. अशा ९ विटांचं एक मॉड्यूल आणि ११ मॉड्यूलचा पॅक. एकूण ९९ विटा एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये. गोम इथेच आहे. सिरीजमध्ये सगळ्यात कमजोर वीट पूर्ण पॅकची मर्यादा ठरवते. ९८ विटांमध्ये चार्ज शिल्लक असला आणि एकीचा व्होल्टेज खाली गेला, तरी गाडीला थांबावंच लागतं, नाहीतर ती वीट कायमची निकामी होईल.

२०१२ मध्ये याच मुद्द्यावर मोठा गदारोळ झाला होता. गाडी चार्जिंगला न लावता बरेच दिवस ठेवली तर बॅटरी पूर्ण उतरून मरते आणि नव्या पॅकला सुमारे ४० हजार डॉलर लागतात, अशा बातम्या आल्या. टेस्लाचं म्हणणं होतं, गाडी प्लगला लावून ठेवा. सल्ला बरोबर होता, पण एवढे पैसे मोजलेल्या माणसाला तो कसा लागला असेल याची कल्पना करा.

मग बॅटरी बदलायची तर पर्याय कोणते?

पहिला, कंपनीचाच. डिसेंबर २०१४ मध्ये टेस्लाने ‘रोडस्टर ३.०’ अपग्रेड जाहीर केलं. नव्या सेलमध्ये मूळ सेलपेक्षा ३१ टक्के जास्त ऊर्जा, त्याच जागेत. पुढच्या वर्षी पॅकची किंमत जाहीर झाली: २९ हजार डॉलर, आजच्या दराने साधारण २५ लाख रुपये. सेल एलजी केमचे. जुन्या पॅकवर कागदोपत्री २४४ मैल, म्हणजे ३९० किलोमीटरच्या आसपास रेंज होती. ती बरीच वाढणार होती. बंद झालेल्या मॉडेलसाठी एवढं करणाऱ्या कंपन्या फार नाहीत, हे मान्य करायला हवं.

दुसरा पर्याय, अपघातात गेलेल्या गाडीचा जुना पॅक. स्वस्त पडतो, पण तोही तेवढाच म्हातारा. केवळ रेंजसाठी हा मार्ग मी कुणाला सुचवणार नाही.

तिसरा, दुरुस्ती. स्वतंत्र मेकॅनिक पॅक उघडतात, कमजोर वीट शोधतात आणि तिच्यातला बिघडलेला सेल सर्किटमधून तोडतात. ६९ च्या जागी ६८ सेल राहिले की त्या विटेची क्षमता दीड टक्काही कमी होत नाही. वाचायला सोपं वाटतं. पण पॅकचा व्होल्टेज ३६६ च्या पुढे आहे. चूक झाली तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. मोबाईलच्या दुकानात बॅटरी उचकटतात तसलं हे काम नाही.

चौथी कल्पना बऱ्याच जणांच्या डोक्यात येते: आता बाजारात कितीतरी जास्त क्षमतेचे सेल मिळतात, तेच भरले तर? इथे स्पोर्ट्स कार आणि साधी गाडी यांतला फरक कळतो. रोडस्टर २.५ ची मोटर २१५ किलोवॅटची. ५३ किलोवॅट-तासांच्या पॅकमधून एवढी ताकद ओढायची म्हणजे प्रत्येक सेलने त्याच्या क्षमतेच्या जवळपास चौपट वेगाने रिकामं व्हायचं. साधारण २.१ अँपिअर-तासांच्या सेलमधून साडेआठ अँपिअर. जास्त साठवणारा सेल एवढा करंट सोसेलच असं नाही. अंतर्गत रोध जास्त असला तर सेल तापतो, व्होल्टेज पडतो आणि गाडीचं सॉफ्टवेअर पॉवर कापतं. रेंज वाढली, पण ज्यासाठी गाडी घेतली तो धक्काच गेला.

फोनमध्ये हे आपण पाहिलंय. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जातो, असं ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं. ओरड झाल्यावर अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ वरून २९ डॉलरवर आला. तिथे २९, इथे २९ हजार.

नोव्हेंबर २०२३ मध्ये टेस्लाने मूळ रोडस्टरचं डिझाइन आणि इंजिनिअरिंग खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदपत्रं वेबसाइटवर आली. बातमी चांगलीच. पण नकाशा मिळाला म्हणून सेल मिळत नाहीत, आणि दोन-अडीच हजार गाड्यांसाठी पॅक बनवायला कुठला कारखाना बसणार?

कायदा इथे किती कामाला येतो? युरोपचा २०२३ चा बॅटरी नियम सांगतो की १८ फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या बॅटऱ्यांना डिजिटल ‘पासपोर्ट’ लागेल. त्याच तारखेपासून छोट्या उपकरणांची बॅटरी, काही सवलती वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. ती बॅटरी सुटा भाग म्हणून निदान पाच वर्षं मिळाली पाहिजे. गाडीच्या मोठ्या पॅकला मात्र ही काढता येण्याची आणि सुट्या भागांची अट लागू नाही. आपल्याकडच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांचा भरही वापरलेली बॅटरी गोळा करून तिच्यातला धातू परत मिळवण्यावर आहे. म्हणजे मेलेल्या बॅटरीचं काय करायचं ते ठरलंय. आजारी बॅटरीचं नाही.

मला विचाराल तर रोडस्टरच्या मालकाने पैसे मोजण्याआधी गाडीचा लॉग काढावा. त्यात विटांचे व्होल्टेज दिसतात. एक-दोन विटाच मागे पडल्या असतील तर दुरुस्ती, आणि सगळ्याच सारख्या थकल्या असतील तर पूर्ण पॅक. वापरलेली ३.० पॅकवाली गाडी घेणाऱ्यानेही हेच करावं, कारण सुरुवातीला बसवलेल्या त्या नव्या पॅकनाही आता दहाएक वर्षं होत आली.