उलट्या यादीची कसोटी

मास स्पेक्ट्रोमीटर रेणूचे वस्तुमान आणि त्यावरचा विद्युतभार यांचे गुणोत्तर मोजतो. नमुन्यात हिमोग्लोबिन आहे की अल्ब्युमिन, हे तो सांगत नाही. त्या आकड्यांवरून ओळख पटवण्याचे काम सॉफ्टवेअरचे. त्यामुळे अमुक ऊतीत तमुक प्रथिन सापडले, या दाव्याचा भरवसा यंत्राइतकाच सॉफ्टवेअरवर आणि ते चालवणाऱ्याच्या निवडींवर असतो.

अख्खे प्रथिन तपासणे अवघड, म्हणून आधी त्याचे तुकडे करतात. ट्रिप्सिन हे विकर अमिनो आम्लांच्या साखळीत लायसिन आणि आर्जिनिन यांच्यानंतर काप घेते. लगेच पुढे प्रोलिन असेल तर सहसा घेत नाही. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. यंत्र पेप्टाइडचे वस्तुमान मोजते, मग वायूच्या रेणूंवर आपटवून ते फोडते आणि फुटलेल्या भागांचीही वस्तुमाने नोंदवते. ही दुसरी नोंद म्हणजे वर्णपट. एकाच प्रयोगात असे हजारो वर्णपट जमतात.

सॉफ्टवेअरला वर्णपटांच्या जोडीला प्रथिनांच्या क्रमांची यादी द्यावी लागते. माणसासाठी बहुधा स्विस-प्रॉट या प्रथिनांच्या माहितीकोशातली सुमारे २०,४०० नोंदींची यादी वापरतात. सॉफ्टवेअर त्यातले प्रत्येक प्रथिन ट्रिप्सिनच्या नियमाने हिशेबात कापते आणि मोजलेल्या वस्तुमानाशी जुळणारी पेप्टाइडे बाजूला काढते. दशलक्षात दहा भागांची सूट दिली, तर हजार डाल्टन (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) वस्तुमानाच्या पेप्टाइडला ०.०१ डाल्टनचाच फरक चालतो. उरलेल्या प्रत्येक उमेदवाराचा अपेक्षित वर्णपट मांडून तो खऱ्या वर्णपटाशी ताडून पाहतात आणि गुण देतात. वॉशिंग्टन विद्यापीठात जिमी एंग, अ‍ॅशली मॅककॉर्मॅक आणि जॉन येट्स यांनी १९९४ मध्ये ‘सेक्वेस्ट’ या सॉफ्टवेअरमधून ही पद्धत मांडली. पुढच्या बहुतेक साधनांचा गाभा तोच आहे.

यादीतल्या कोणत्या ना कोणत्या पेप्टाइडला सर्वाधिक गुण मिळणारच, आणि खरी अडचण तिथेच आहे. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचे वस्तुमान तंतोतंत सारखे आहे. साखळीतल्या दोन ग्लायसिनचे वस्तुमान एका अ‍ॅस्परॅजिनएवढे भरते. नमुना तयार करताना सिस्टीनवर मुद्दाम चढवलेला ५७.०२१ डाल्टनचा गट साखळीतल्या एका ग्लायसिनच्याच वजनाचा असतो. मेथिओनिनला एक ऑक्सिजन चिकटला, सेरिनवर फॉस्फेट बसले, अशा शक्यता मोजायला घेतल्या की उमेदवार वाढतात आणि योगायोगाने जुळणारेही वाढतात. म्हणून शोध सुरू करताना दिसतील त्या सगळ्या बदलांवर खूण करणे ही चूकच आहे. नमुन्यात जे बदल असण्याचे कारण आहे तेवढेच घ्यावेत. तपासनिसाच्या त्वचेतले केराटिन आणि खुद्द ट्रिप्सिन मात्र यादीत हवेतच. ते नसतील तर त्यांचे वर्णपट दुसऱ्याच कुणाच्या नावावर जमा होतात.

योगायोग मोजण्याचा उपाय सोपा आणि फार सुंदर आहे. खऱ्या यादीला तिच्यातलेच क्रम उलटे लिहून केलेली फसवी यादी जोडतात. उलट्या प्रथिनांपैकी जवळपास एकही निसर्गात नाही, म्हणून त्यांच्याशी लागलेली जुळणी चुकीची धरतात. ठरावीक गुणांच्या वर खऱ्या यादीत १०,००० जुळण्या आणि उलट्या यादीत १०० असतील, तर खऱ्यांतही शंभरेक चुका असाव्यात, म्हणजे एक टक्का. जोशुआ इलायस आणि स्टीव्हन गायगी यांच्या २००७ च्या लेखानंतर ही कसोटी सर्रास वापरली जाऊ लागली.

या कामासाठी आता पैसे मोजावेच लागतात असे नाही. ‘एक्स टँडम’, एंग यांचेच ‘कॉमेट’ आणि अलीकडचे वेगवान ‘सेज’ ही तिन्ही मुक्तस्रोत आहेत. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतून २०११ मध्ये ‘मासविझ’ आले. ‘मॅक्सक्वांट’ मोफत मिळते. ‘एमएसफ्रॅगर’ शैक्षणिक संशोधनाला मोफत असले तरी त्याचा स्रोत बंद आहे. मोफत आणि मुक्त यांतला हा फरक किरकोळ समजू नये. गुण कसे दिले हे ज्याला वाचता येते, त्यालाच निकालावर नेमका आक्षेप घेता येतो.

२०१४ मध्ये दोन मोठ्या निकालांवर आक्षेप घेतला गेला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स यांच्या गटाने माणसाच्या १७,२९४ जनुकांची प्रथिने सापडल्याचे ‘नेचर’मध्ये जाहीर केले. त्याच अंकात म्युनिकच्या गटाचा आकडा १८,०९७ होता. नाकातली ऊती तपासलेली नसताना दोन्ही याद्यांत गंध ओळखणारी ग्राही प्रथिने डझनावारी निघाली. ही चुकीच्या जुळण्यांची फार मोठी खूण होती. खऱ्या जुळण्या त्याच त्या प्रथिनांवर गोळा होतात, चुकीच्या मात्र यादीभर विखुरतात. म्हणून शेकडो प्रयोग एकत्र केले की जुळण्यांतली एक टक्का चूक प्रथिनांच्या यादीत कितीतरी पट फुगते. दोन्ही गटांनी मूळ वर्णपट खुले ठेवले होते, म्हणून इतरांना फेरतपासणी करता आली. म्युनिकच्या गटानेच २०१५ मध्ये दुरुस्ती सुचवली. प्रत्येक प्रथिनाची त्याच्या उलट्या जोडीदाराशी गाठ घालायची आणि दोघांतल्या वरचढाचीच नोंद धरायची.

आता माणसाच्या सगळ्या प्रथिनांचा शोध घेणाऱ्या मानवी प्रथिनप्रकल्पाचे नियम कडक आहेत. आजवर न दिसलेल्या प्रथिनाचा दावा करायचा तर निदान नऊ अमिनो आम्लांची, दुसऱ्या कुठल्याही प्रथिनात न सापडणारी दोन वेगळी पेप्टाइडे दाखवावी लागतात आणि मूळ वर्णपट सार्वजनिक भांडारात जमा करावे लागतात.