आमच्याकडे असेच खेळतात

पत्त्यांचा डाव रंगात आला असावा, दोन पाहुणे नव्याने येऊन बसावेत, आणि पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी ठणकावून सांगावे, "आमच्याकडे असेच खेळतात!" मेंढीकोटात हुकूम केव्हा उघडायचा, कॅरमची राणी केव्हा घ्यायची, यावरून घरोघरी किती सुट्ट्या गाजल्या असतील! छापील नियमाला आपल्या सोयीची मुरड घालायची सवय तशी आपली जुनीच. पण अशा मुरडीतूनच जन्माला आलेला एक खेळ अमेरिकेत आहे, आणि त्याची हकीकत मोठी मासलेवाईक आहे.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. तो भुयारे, जंगले, राक्षस यांचे वर्णन करतो. बाकीच्यांपैकी कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार, आणि आपण काय करणार ते प्रत्येक जण सांगतो. बेत साधेल की फसेल अशी शंका आली, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. शेवटी कुणी कुणाला हरवत नाही. गोष्ट तेवढी पुढे सरकते.

आता याचे मूळ पाहा. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे 'चेनमेल' हे नियमपुस्तक काढले. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसन यांनी ते हाताशी घेतले, पण सैन्य बाजूला सारून एकेक वीर भुयारात उतरवला, आणि पुस्तक अपुरे पडले तिथे पदरचे नियम जोडले. गायगॅक्स यांना ते भावले. दोघांनी मिळून १९७४ साली ३ पुस्तिकांची पेटी विक्रीस काढली. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या १,०००. अडेल तिथे तुमचे तुम्हीच ठरवा, असा सल्लाही शेवटच्या पुस्तिकेत दिला. म्हणजे आज ज्याला मूळ ग्रंथ म्हणायचे, तोच मुळी कुणाच्या तरी घरचा रिवाज!

अर्थात घरचा नियम करणे सोपे, तो टिकवणे कठीण. माझी भाची मैत्रिणींच्या अशा डावाची सूत्रधार आहे. तिने एक नियम काढला : फाशावर १ पडला, की तलवार मोडली. सगळ्यांना गंमत वाटली. पण या खेळात योद्धा जितका तरबेज, तितके त्याचे वार अधिक. एका वाराला तलवार मोडण्याची भीती शंभरात ५. एका दमात चार वार करणाऱ्या महावीराला ती १८च्या वर! म्हणजे नवशिक्याची तलवार शाबूत आणि उस्तादाच्या हाती नुसती मूठ. तिसऱ्या बैठकीला मुलींनी हिशेब मांडला आणि नियम एकमताने रद्द झाला. आता त्यांचा शिरस्ता असा : नवा नियम वहीत लिहायचा, डाव सुरू होण्यापूर्वी वाचून दाखवायचा, एका वेळी एकच बदलायचा, आणि दोन बैठकांनंतर ठेवायचा की नाही ते सगळ्यांनी ठरवायचे. आमच्या सोसायटीच्या सभेला हे कुणीतरी शिकवायला हवे!

पण खेळाचा धंदा झाला, की मालकीचा प्रश्न येतोच. ज्या गायगॅक्स यांनी "तुम्हीच ठरवा" म्हटले, तेच पुढे अधिकृत नियमांचा आग्रह धरू लागले. २००० सालापासून नव्या मालकांनी, 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' यांनी, खुला परवाना दिला. त्याच्या आधारे अनेकांनी आपली भुयारे आणि राक्षस छापून पोट भरले. जानेवारी २०२३ मध्ये तो बदलून मोठ्या विक्रीवर हिस्सा मागण्याचा मसुदा बाहेर फुटला. खेळणारे असे खवळले, की महिना संपण्यापूर्वीच कंपनीने बेत सोडला आणि मूळ नियमांचा मोठा भाग कायमचा सर्वांना खुला केला.

मला यात नुसता खेळ दिसत नाही. नियम वरून येतात आणि आपण ते पाळायचे किंवा चुकवायचे, एवढेच आपल्याला ठाऊक असते. तो आपण करावा, तपासावा, चुकला तर मोडावा, ही तिसरी वाट या मुली वीस बाजूंच्या फाशावर शिकत आहेत. तेव्हा या दिवाळीत पोरांनी "आमच्याकडे असेच खेळतात" म्हटले, तर रागावू नका. "कुणी ठरवले, आणि सगळ्यांना विचारले का?" एवढेच विचारा.