अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नका!

गेल्या वर्षी एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीतल्या तीन मुलींनी हळदीवर एक सुबक तक्ता केला होता. त्याच्या शेवटी ठळक लाल अक्षरांत लिहिले होते : 'हळदीने जखम बरी होते, हे अमेरिकेनेही मान्य केले.' मी विचारले, "हे कशावरून?" मुलींनी तत्काळ उत्तर दिले, "सर, आपण पेटंटचा खटला जिंकलो ना!" शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बाईंनीही मान डोलावली. मी मात्र विचारात पडलो. मुलींना ठाऊक असलेला निकाल खरा होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

हकीकत अशी की, १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर' यावर पेटंट मिळाले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्याला हरकत घेतली. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. जुने संस्कृत ग्रंथ, १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील एक लेख, असे ३२ पुरावे सादर झाले आणि १९९७ साली ते दावे फेटाळले गेले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण पेटंट कार्यालयापुढे प्रश्न कोणता होता? 'ही कल्पना नवी आहे काय?' एवढाच. 'हळदीने जखम खरोखर लवकर भरते काय?' याचा निवाडा तेथे झालाच नाही. एखादी समजूत जुनी आहे हे सिद्ध होणे वेगळे आणि ती खरी आहे हे सिद्ध होणे वेगळे. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, ही समजूतही फार जुनी होती!

आता थोडे रसायनशास्त्र पाहू. हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. ते पॉलिफेनॉल नावाच्या मोठ्या कुळातले. चहातील कॅटेचिने, हिरड्यातील टॅनिने, जांभळाच्या सालीतील रंगद्रव्य ही सारी त्याची भावंडे. कीड, बुरशी, प्रखर ऊन यांपासून बचाव व्हावा म्हणून वनस्पती अशी द्रव्ये तयार करतात. परीक्षानळीत ती ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंना निष्प्रभ करतात, हेही खरे. येथेच जाहिरातदार उडी मारतो : 'पानाचे रक्षण होते, तर तुमच्या त्वचेचे का नाही?' परंतु वनस्पती ही द्रव्ये स्वतःच्या पेशींत बनवते. आपण ती बाहेरून फासतो. आपल्या त्वचेवर मृत पेशींचा एक पातळ थर असतो आणि बाहेरचे पदार्थ आत शिरू न देणे हेच त्याचे काम. त्यातून किती द्रव्य आत जाते आणि आत जाऊन काय करते, हे तपासल्यावाचून पुढचे बोलणे व्यर्थ.

एक सोपा प्रयोग घरीच करा. ओल्या पांढऱ्या चिंधीवर चिमूटभर हळद चोळा आणि त्यावर कपड्यांचा साबण फिरवा. डाग लालसर होईल. साबण अल्कधर्मी असल्यामुळे कर्क्युमिनचा रेणू बदलतो. अशा द्रावणात तो फार काळ टिकतही नाही. दुसरी चिंधी नुसत्या हळदीने रंगवा आणि उन्हात ठेवा. रंग उडू लागेल. मग 'हळदीचा साबण' विकत घेताना त्यातल्या कर्क्युमिनचे पुढे काय झाले असेल, हा प्रश्न तुम्हांला पडायला हवा.

२०१७ साली काही रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरील संशोधनाचा आढावा 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त प्रसिद्ध केला. हा रेणू स्वतःच प्रकाश देतो, अनेक प्रथिनांना चिकटतो आणि त्यामुळे प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवतो, असे त्यांनी दाखवून दिले. माणसांवरील काटेकोर चाचण्यांत त्याला यश मिळाल्याचे त्यांना आढळले नाही.

याचा अर्थ पॉलिफेनॉल निरुपयोगी आहेत असा मुळीच नव्हे. हिरव्या चहातील कॅटेचिनांच्या एका मलमाला २००६ साली अमेरिकेत विशिष्ट प्रकारच्या चामखिळींवरील औषध म्हणून मान्यता मिळाली. ती कशी मिळाली? काही रुग्णांना खरे मलम दिले, काहींना तसेच दिसणारे पण औषध नसलेले मलम दिले. कोणाला कोणते हे त्यांना सांगितले नाही आणि मग निकालांची तुलना केली. परंपरेने किंवा जाहिरातीने हे काम होत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा काथ्याकूट कशाला? हळद लावल्याने बिघडते काय? कधी कधी बिघडते. काहींच्या त्वचेला हळदीचीच ॲलर्जी असते. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. आणि पायात गंजका खिळा घुसला असता जखमेवर हळद दाबून मूल शाळेत येते, तेव्हा धनुर्वाताचे इंजेक्शन राहून जाते. तेथे प्रश्न जिवाचा असतो. जखम प्रथम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

त्या मुलींना मी सुचवले, की तक्ता तसाच ठेवा, फक्त शेवटचे वाक्य बदला. त्यांनी तेथल्या तेथे कागद चिकटवून लिहिले : 'हळदीने जखम लवकर भरते काय? हे कसे तपासाल?' त्यानंतर तक्त्यापुढे थांबणारा प्रत्येक जण काहीतरी बोलू लागला, वाद घालू लागला. शिक्षक-बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे, की आपल्या प्रदर्शनांतील तक्त्यांवर अशी प्रश्नचिन्हे अधिक दिसू द्यावीत. तसे प्रश्नचिन्ह चितारणाऱ्या मुलांना मी तरी दोन गुण जास्त देईन.