पाठ केलेली क्षेत्रभेट

दहावीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’. त्यात नळदुर्गची मुलं अलिबागपर्यंत जातात, वाटेतला बदलता मुलूख टिपत. 2018 साली हे पुस्तक हातात आलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आज वर्गात सगळ्यात घट्ट पाठ असलेला धडा हाच. ‘क्षेत्रभेटीला कोणते साहित्य न्याल?’ म्हटलं की नोंदवही, पेन, नकाशा, होकायंत्र अशी माळ सुरू. शाळेचं फाटकही न ओलांडता.

गेल्या जानेवारीत मी पोरांना शाळेमागच्या गुऱ्हाळावर चालत नेलं. आमच्या कोल्हापूरकडे हंगामात गुळाचा वास वर्गात येतो, तरी आत डोकावलेली पोरं जेमतेम पाच. तिथं पोचताच गाइडातली प्रश्नावली निघाली: स्थापना कधी, कामगार किती, माल कुठं जातो. मालक सांगतोय, पोरं मान खाली घालून उतरवतायत. शेजारी काहिलीत रस खदखदत होता, भेंडीच्या रसानं वर आलेली मळी काढणं चालू होतं. तिकडं कुणी बघेना. मी वह्या मिटायला लावल्या.

पाच मिनिटं नुसता गोंधळ. मग एकीनं गुळव्याला विचारलं, “मामा, गूळ झाला हे कळतं कसं?” त्यानं थोडा पाक गार पाण्यात सोडला, गोळी वळली, तिच्या तळहातावर ठेवली. दुसरीनं विचारलं, “कारखान्यानं उसाला जादा दर दिला तर?” “मग आम्ही घरी बसतो की, पोरी.” कच्च्या मालाची ओढाताण शिकवायला मला दोन तास लागतात. परतताना एकानं मलाच पकडलं. पुस्तकात भारताच्या जोडीला ब्राझील, ऊस पिकवण्यात जगात पहिला. “मॅडम, तिथं गूळ करतात?” मला ठाऊक नव्हतं. रात्री शोधलं. करतात, रापादुरा म्हणतात.

सराव परीक्षेत ‘कारखान्याच्या भेटीसाठी प्रश्नावली तयार करा’ आलं. दुसऱ्या मुलीनं दराचा प्रश्न लिहिला. पेपर बाहेर तपासलेले. दीड गुण कापून शेरा: ‘नमुना उत्तर पाहा.’

हा प्रश्न लेखी परीक्षेतून काढाच. त्याऐवजी प्रत्यक्ष भेटीची वही बघा, अंतर्गत मूल्यमापनात तिला गुण द्या, आणि मुलाला स्वतःला सुचलेल्या प्रश्नाला त्यातले जास्त. पोर्शन मागं पडतो, असं सहकारी म्हणतात. गुऱ्हाळाला आमचे दोन तास गेले. परवानगीच्या कागदाला आठ दिवस.